हवामान आराखडा अडला तो वीजबिलांपाशी

मीटर पंचायतीच्या नावावर, बिल पंचायत भरते, पैसे गावाच्या निधीतून जातात. पण त्याच पंचायतीनं ‘गेल्या बारा महिन्यांत कुठल्या मीटरवर किती युनिट पडले’ असं विचारलं की सांगायला कुणी पुढं येत नाही. आमच्या गावाचा ऊर्जा आणि हवामान आराखडा शेवटी झाला, ग्रामसभेत मंजूरही झाला. पण या एका प्रश्नापायी आमचा अख्खा पावसाळा गेला, आणि तो राग माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. बाकीच्या गावांची तरी एवढी पायपीट होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आमची पंचायत कर्नाटकातल्या बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, मार्कंडेय नदीच्या अंगाला. शेजारशेजारची गावं मिळून एक पंचायत. भात, रताळी, थोडा ऊस. मी दूध सोसायटीत हिशेब लिहिते, म्हणून अध्यक्षांनी हे काम माझ्याकडं दिलं. माझं माहेर चंदगडकडचं. तिकडं ‘माझी वसुंधरा’ अभियान सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र सरकारनं ते २ ऑक्टोबर २०२० पासून चालू केलं, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश ही पंचतत्त्वं धरून तिथं स्थानिक संस्थांना गुण मिळतात. आपल्या बाजूला तसं काही नाही, मग आपण कशाला, असं बैठकीत दोघातिघांनी विचारलं. पण वाट आपल्याकडंही आहे. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी करावाच लागतो. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं त्यासाठी नऊ विषय ठरवून दिलेत, त्यात ‘स्वच्छ आणि हरित गाव’ हा एक आहे. वीज, पाणी, कचरा, झाडं, पूर, दुष्काळ हे सगळं त्याखाली बसतं. वेगळी परवानगी लागत नाही. वॉर्डसभा, ठराव, समिती हे सगळं सुरळीत झालं, त्यावर जास्त लिहीत नाही.

मदतीला एका संस्थेची माणसं आली होती. मुलं शिकलेली, मनापासून काम करणारी. त्यांच्याकडचा आराखड्याचा साचा मूळ युरोपातला. तिथल्या महापौरांनी २००८ साली ऊर्जेसाठी एक सामाईक करार केला. २०१५ मध्ये त्यात बदलत्या हवामानाला तोंड देण्याचा भाग जोडला आणि २०३० पर्यंत कार्बनचं उत्सर्जन निदान ४० टक्क्यांनी कमी करण्याचं वचन घातलं. पद्धत मला पटली. आधी एक वर्ष धरून गावाची सगळी ऊर्जा मोजायची, मग धोके बघायचे, मग कामं ठरवायची. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला याहून सरळ काय वाटणार? प्रशिक्षणात त्यांनी जम्मूमधल्या पल्ली पंचायतीचा ५०० किलोवॅटचा सौर प्रकल्प दाखवला, केरळातल्या वायनाड जिल्ह्यातल्या मीनंगाडी पंचायतीनं २०१६ मध्ये कार्बन समतोलाचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडला तेवढा परत शोषला जाईल असं बघण्याचं, काम कसं हाती घेतलं ते सांगितलं. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. पण त्या पंचायतींनी आपल्या मीटरांचे आकडे कुठून आणि कसे मिळवले, हे काही आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि आमचं घोडं तिथंच अडलं.

पहिल्यांदा पंचायतीतली जुनी बिलं काढली. फायली व्यवस्थित होत्या, शिक्के होते, पण बिलं छोट्या मशीनमधून निघालेल्या गुळगुळीत कागदावरची. सहा-आठ महिन्यांत छपाई उडते. खिडकीशी नेऊन कागद तिरका धरला की कुठं आर.आर. नंबरातले, म्हणजे वीज जोडणीच्या नंबरातले, दोन आकडे दिसायचे, कुठं फक्त रक्कम, कुठं निळा शिक्का आणि बाकी कोरं. म्हणून सगळ्यांना सांगते, बिल हातात आलं की त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा किंवा झेरॉक्स मारून फायलीला लावा.

मग वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. पहिलं उत्तर, ऑनलाइन बघा. ऑनलाइन बघायला गेलं की ओटीपी जातो पूर्वीच्या सेक्रेटरींच्या मोबाईलवर, आणि ते बदली होऊन गेलेले. नंबर बदलायला वेगळा अर्ज. तो दिला. मग कळलं की तिथं अलीकडची थोडी बिलंच दिसतात, वर्ष पुरं होत नाही. परत ऑफिस. आता म्हणाले, पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, सहीचं पत्र आणा. आणलं. एका पत्रात इतके नंबर चालत नाहीत, प्रत्येक नंबराला वेगळा अर्ज करा. तेही केलं. मग साहेब मीटिंगला. मग सिस्टीम बदललीय, जुना डेटा वरच्या ऑफिसात. वरच्या ऑफिसात गेलो तर ते म्हणाले, डेटा खालीच असतो, इथं कशाला आलात? पावसात एसटी बदलत जायचं, ओल्या छत्र्या घेऊन बाकावर बसायचं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणून ऐकायचं. आमचे पीडीओ साहेब भले माणूस. त्यांनी दोनदा स्वतः फोन केला, तरी काही हललं नाही.

शेवटी एक कागद मिळाला. मला केवढा आनंद झाला होता! बसमध्ये बसून बघितलं तर त्यावर नुसत्या रकमा. युनिटचा रकानाच नाही. रकमेवरून युनिट काढा की, असं नंतर मला एकानं सांगितलं. ते जमत नाही, आणि का जमत नाही ते नीट समजून घ्या. बिलात मंजूर भारावरचा, वीज जळो न जळो लागणारा स्थिर आकार असतो, इंधनापोटीची वाढघट असते, कर असतो, मागची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज असतं. पाण्याच्या पंपाचा दर वेगळा, रस्त्यावरच्या दिव्यांचा वेगळा. एखाद्या महिन्यात दुप्पट रक्कम दिसते ती वीज जास्त जळली म्हणून नव्हे, मागचं थकलेलं होतं म्हणून. अशा रकमेवर उत्सर्जनाचा हिशेब मांडणं म्हणजे दुधाचं माप न घेता फॅट लावण्यासारखं आहे. संस्थेतल्या मुलानं फोनवर सुचवलं की सध्या अंदाजे आकडा धरू या, तक्ता तरी पुरा होईल. मी ऐकलं नाही. ते मी बरोबरच केलं असं आजही वाटतं, कारण पुढं जे सापडलं ते अंदाजात कधीच सापडलं नसतं.

नंबरांची यादी घेऊन मी आणि आमचे वॉटरमन तात्या प्रत्येक मीटरपाशी गेलो. सगळे मीटर बघितले, कुठं झुडपं तोडून, कुठं पत्र्याच्या पेटीतलं मधाचं पोळं चुकवत. शाळेमागच्या बोअरपाशी तात्या थांबले. म्हणाले, “आक्का, हितं पाणी कवाच गेलंय की. मोटार बी काढून न्हेली. मीटर तेवढा हाय.” त्या नंबराचं बिल दर महिन्याला येत होतं, स्थिर आकाराचं, आणि पंचायत ते भरत होती. दुसऱ्या एका मीटरचा आकडा आम्ही पंधरा दिवसांनी परत बघितला तरी जागचा हललेला नव्हता, खाली मोटार मात्र दणक्यात चालू. त्याचं बिल सरासरीनं लागत होतं. आणि सगळ्यात मोठा पंप, ज्यावर निम्म्या गावाचं पाणी चालतं, त्याचा नंबर आमच्या यादीतच नव्हता. २०१५ मध्ये राज्यात पंचायतींची फेररचना झाली, तेव्हापासून तो शेजारच्या पंचायतीच्या नावावर राहिला होता. त्यांच्या यादीतही असेच घोळ असणार, हे त्यांच्या पीडीओंनीच मान्य केलं.

कोंडी फुटली ती अशी. अध्यक्षांनी मासिक सभेत ठराव घेतला, त्यात प्रत्येक आर.आर. नंबर लिहिला. मी स्वतः तक्ता आखला, आडवे बारा महिने, उभे नंबर, प्रत्येक चौकटीत मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि युनिट. रकाने कोरे ठेवले, त्यांनी फक्त भरायचे. पत्र कन्नडमध्ये, ठरावाची प्रत सोबत, वरच्या इंजिनिअर साहेबांना एक आणि जिल्हा पंचायतीच्या सीईओंना एक. त्याच दिवशी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकाराचा अर्जही टाकला, त्याला ३० दिवसांची मुदत असते. मुदत संपायच्या आत बोलावणं आलं. बिलिंग विभागातल्या एका बाईंनी कॉम्प्युटरवर नंबर टाकले आणि चहा येईपर्यंत सगळ्या वर्षाचे युनिट छापून दिले. त्या बाईंचे मी आभार मानले, मनापासून मानले. पण जे काम चहा येईपर्यंत होतं, त्यासाठी एका पंचायतीला महिनोन् महिने फिरवलं, हे मी विसरणार नाही. त्यामुळं माझा सल्ला असा की पत्र, ठराव आणि माहिती अधिकार हे एकामागून एक करू नका, पहिल्याच दिवशी तिन्ही द्या. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद टेबलावर ठेवू नका. आणि साहेबांच्या दारात बसण्यापेक्षा बिलिंगचा कॉम्प्युटर कुठं आहे ते आधी विचारा.

आकडे आल्यावर बाकीचं झपाट्यानं झालं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणं आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. आता बघा. साडेसात एचपीचा पंप म्हणजे निदान साडेपाच किलोवॅट. रोज आठ तास चालला तर ४५ युनिट, वर्षाला सोळा हजारांवर, म्हणजे साडेअकरा टनांच्या आसपास. उलट २० वॅटचा एलईडी दिवा रोज बारा तास जळला तरी वर्षाला ८८ युनिट. एक पंप आणि पावणेदोनशेच्या वर दिवे सारखेच! बैठकीत मात्र प्रत्येकाच्या तोंडी एकच, सोलर दिवे लावू या. तक्ता भिंतीवर लावला तेव्हा सगळ्यांचं लक्ष पंपांकडं गेलं. मग क्रम ठरला. आधी गळक्या पाइपलाइनी, मग पंपांना योग्य क्षमतेच्या मोटारी आणि टायमर, दिवसा जळणाऱ्या दिव्यांना आपोआप बंद होणारे स्विच, आणि त्यानंतर पाण्याच्या टाकीशेजारी सोलर. मोठी मोटार तशीच ठेवून तिच्यावर सोलर बसवायचं म्हणजे पॅनेलही त्या मानानं जास्त घ्यावे लागतात, हे सदस्यांना पटवायला मला आकड्यांशिवाय दुसरं काही लागलं नाही. निधीचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. पंपाचं काम पाणीपुरवठ्याखाली दाखवता यायचं, दिव्यांचं नाही, ते उरलेल्या ४० टक्क्यांत.

घरांच्या सर्वेक्षणाचं राहिलंच. बायका दारातच सांगायच्या, आमाला बिल न्हाई, फुकट हाय. राज्य सरकारची मोफत घरगुती विजेची गृहज्योती योजना २०२३ मध्ये आली, २०० युनिटच्या आत बसणाऱ्या बहुतेक घरांना शून्य रकमेचं बिल येतं. पण त्या शून्याच्या बिलावरही युनिट छापलेले असतात! ते बिल फेकू नका म्हणून आम्ही बचत गटांतून सांगितलं आणि पुढच्या महिन्यात छान आकडे मिळाले. शेतीच्या पंपांचं तसं नाही. १० एचपीपर्यंतची वीज राज्यात शेतकऱ्यांना मोफत आहे आणि बहुतेकांना मीटरच नाही. तिथं मोटारीची एचपी आणि थ्री फेज किती तास येते यावरूनच हिशेब करावा लागतो, आणि तो अंदाज आहे हे आराखड्यात स्पष्ट लिहावं. गॅस, गाड्यांचं डिझेल, टिलर ही माहिती घरोघरी विचारूनच मिळते, त्यात अडचण आली नाही.

धोक्यांच्या भागाला फार विचार करावा लागला नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, २०२३ चा दुष्काळही. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. आमच्या एका पंपाचं स्विचचं पॅनेल पुराच्या रेषेखाली येतं, ते वर उचलायचं काम आराखड्यात पहिल्या पानावर घातलंय.

पंचायतींना मदत करणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रशिक्षणाचा एक दिवस कमी करा, पण तुमचा एक माणूस आमच्याबरोबर वीज ऑफिसात पाठवा. जिल्हा पातळीवर एकदाच बोलून सगळ्या पंचायतींचे वर्षाचे युनिट मागून घ्या. खेड्यातल्या एकेका पंचायतीनं स्वतंत्र झगडावं असं हे काम नाही.

आटलेल्या बोअरची जोडणी तोडायचा अर्ज दिलाय, थकबाकी शून्य असल्याचा दाखला जोडून. दाखल्याशिवाय तो घेत नाहीत. मोठ्या पंपाचं नाव बदलायला दोन्ही पंचायतींचे ठराव लागतात, आमचा झाला, शेजारचा पुढच्या सभेत आहे. बंद पडलेला मीटर बदलून मिळाला. आता रीडिंगच्या दिवशी तात्या त्या माणसाबरोबर फिरतात आणि प्रत्येक आकडा वहीत लिहितात, वही पंचायतीत टेबलावर असते. माझ्या तक्त्याची कोरी प्रत आणि पत्राचा नमुना ज्या पंचायतीला पाहिजे असेल, त्यांनी सकाळचं दूध घालणं आटोपल्यावर सोसायटीत यावं, लगेच देते.