कारा नो क्योकाई: दुसऱ्या फेरीची नोंदवही

‘कारा नो क्योकाई’ या जपानी अ‍ॅनिमेशन चित्रपटमालिकेचे सातही भाग एकदा पाहून झालेल्यांसाठी ही नोंद आहे. रहस्यं उघडी टाकलेली आहेत, त्यामुळे पहिली फेरी बाकी असेल त्यांनी इथूनच परतावं आणि ती प्रदर्शनाच्याच क्रमाने करावी: १ ते ७, मग समारोपाचा छोटा भाग. युफोटेबल स्टुडिओने डिसेंबर २००७ ते ऑगस्ट २००९ या काळात हे भाग ज्या क्रमाने थिएटरात आणले, त्या क्रमाला अर्थ आहे. कथेतल्या तारखा मात्र वेगळ्या क्रमाने धावतात, आणि दुसरी फेरी त्या तारखांप्रमाणे लावलेली आहे: २, ४, ३, १, ५, ६, ७.

सामान फार लागत नाही. फुलस्केप कागद आडवा धरून १९९५ ते १९९९ असे महिने आखायचे. उभे रकाने पाच: नायिका शिकीचा डावा हात, तिचे डोळे, ती स्वतःला काय म्हणते, अंगावर काय आहे, तोकोचा चष्मा. शेवटचा रकाना गंमत म्हणून घातलेला वाटेल, पण तोच सगळ्यात जास्त कामाला येतो. बाहुल्या बनवणारी जादूगार आओझाकी तोको चष्मा लावून गोड बोलते आणि काढला की तुटक, रोखठोक होते. सबटायटलमध्ये दोन्ही तोको सारख्याच सभ्य इंग्रजीत बोलतात, त्यामुळे वाचून हा फरक कळत नाही, पडद्यावर बघूनच कळतो.

सात भागांची लांबी मिळून साडेआठ तासांच्या आसपास जाते. भाग ५ आणि ७ जवळजवळ दोन-दोन तासांचे, बाकीचे तासाभराचे किंवा त्याहून कमी. एका दिवसात संपवायला गेलं तर भाग ५ ला डोकं शिणलेलं असतं आणि नेमका तिथेच सगळा गुंता आहे. चार बैठका बऱ्या: २ आणि ४ एकत्र, ३ आणि १ एकत्र, ५ एकटा, ६ आणि ७ एकत्र.

टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर मारामारीची दृश्यं साबणासारखी घसरतात. निम्मी कथा रात्रीची आहे. दिवसा खिडकी उघडी ठेवून भाग १ लावला तर काळ्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो. कमी दर्जाच्या स्ट्रीमिंगवर अंधाऱ्या आभाळात पट्टे उमटतात, तो दोष चित्राचा नसून दाबून लहान केलेल्या फाइलचा आहे, त्यामुळे जमेल तर डिस्क वापरावी. आवाजाचंही तसंच: संवाद कुजबुजत्या पट्टीत आणि काजिउरा युकीचं संगीत एकदम अंगावर येणारं. सहा वाहिन्यांचा ट्रॅक दोन स्पीकरवर उतरवला की संवाद खाली दबतात. डिस्कवर स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो निवडायचा, नाहीतर हेडफोन.

भाग २, सात्सुजिन कोसात्सु, पूर्वार्ध. १९९५ ते १९९६ चा हिवाळा. इथे फक्त कान लागतात. र्योगी शिकीच्या एकाच शरीरात दोघं राहतात, एक मुलगी आणि एक मुलगा, आणि दोघांचं नाव उच्चाराला शिकीच. जपानीत दोन नावांची अक्षरं वेगळी आहेत, म्हणून वाचणाऱ्याला फरक कळतो. ऐकणाऱ्याला कळत नाही आणि इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यालाही नाही. म्हणून चाहते मुलाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहितात. खरी खूण सर्वनामात आहे. मुलगा स्वतःला ‘ओरे’ म्हणतो, पुरुषी ठसक्याचं ‘मी’. मुलीचं ‘मी’ आणि मुलाचं ‘मी’, इंग्रजीत दोन्हींचं एकच अक्षर होतं. मराठी प्रेक्षकाला हे लवकर उमगतं, कारण आपल्याकडे ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यात तो फरक क्रियापदच सांगून टाकतं. शिकीचं प्रत्येक वाक्य मनात मराठीत आणून बघा, कोण बोलतंय ते लगेच कळतं. साकामोतो माआयाने दोघांचा आवाज फार कमी फरकाने वेगळा ठेवला आहे, आणि ते बरोबर आहे. ठळक फरक केला असता तर नाटकी झालं असतं.

कपड्यांच्या रकान्यात: कायम किमोनो, आणि मुलगा-शिकी वर्गमित्र कोकुतो मिकियाबरोबर फिरायला जातो तेव्हा त्यावर लाल चामड्याचं जाकीट. हे जाकीट लिहून ठेवा.

भाग ४, गारान नो दो. अपघातानंतर दोन वर्षं बेशुद्ध, जून १९९८ मध्ये जाग. तोवर मुलगा-शिकी मेलेला आहे. जागी झालेली शिकी मात्र यापुढे स्वतःला ‘ओरे’ म्हणते आणि वर लाल जाकीट घालते. पहिल्या फेरीत हा तिचा स्वभाव वाटतो. तक्त्यावर दोन्ही रकाने शेजारी आले की कळतं, ती त्याची रिकामी जागा स्वतःच भरून काढते आहे. ‘मी जातो’ हे आता मुलगी म्हणते आहे. डोळ्यांच्या रकान्यात पहिली नोंद इथे पडते: वस्तूंच्या आणि माणसांच्या मृत्यूच्या रेषा दिसू लागतात आणि ती आपलेच डोळे फोडू पाहते.

शीर्षकातही मेख आहे. तोकोच्या कचेरीचं नावही गारान नो दो. शेवटचं अक्षर बदलतं: कचेरीच्या नावात ते सभागृह, मंडप अशा अर्थाचं, चित्रपटाच्या नावात पोकळी, गुहा अशा अर्थाचं. उच्चार तंतोतंत एक. ‘गारान’ हा शब्द तर आपल्या ओळखीचा आहे, कारण तो संस्कृत ‘संघाराम’चं चिनीतून जपानीत गेलेलं आखूड रूप आहे. म्हणजे भिक्खूंचा विहार, आणि इथे रिकामा पडलेला विहार. लेण्यांमधले मोकळे विहार पाहिलेल्या माणसाला हे शीर्षक वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भाग ३, त्सूकाकु झान्र्यू. जुलै १९९८. लैंगिक अत्याचाराचं दृश्य अगदी सुरुवातीला आणि थेट आहे, इतरांना बोलावून पाहणार असाल तर आधी सांगून ठेवा. आसागामी फुजिनोला वेदना जाणवत नाहीत, आणि जाणवू लागतात तेव्हा नजरेनेच ती वस्तू पिळून काढते. दोन डोळ्यांत दोन रंग येतात, लाल आणि हिरवा, आणि पिळण्याची दिशा त्यांच्याप्रमाणे ठरते. पिळल्या जाणाऱ्या वस्तूभोवती कोणत्या रंगाची फिरकी आधी उमटते हे बघण्यासाठी पुलावरची लढत सावकाश फिरवून पाहावी.

तक्त्याच्या दृष्टीने इथे एकच नोंद मोलाची: डावा हात जातो. फुजिनो तो पिळून टाकते. शेवटी शिकी फुजिनोला न मारता तिच्या पोटातला आजार मारते. डोळ्यांच्या रकान्यात हे वेगळ्या शाईने लिहा, ‘मारणं’ या शब्दाचा अर्थ इथे वाढतो.

भाग १, फुकान फूकेई. सप्टेंबर १९९८. आता मौज येते. पहिल्या फेरीत हा भाग बहुतेकांना हुलकावणी देतो: कृत्रिम हात कुठून आला, हा मुलगा सोफ्यावर झोपून का आहे, या मुलीला भुतं का दिसतात, काहीच सांगत नाहीत. आधी ४ आणि ३ पाहिले की सगळं सांगून झालेलं असतं. हात तोकोने बनवलेला आहे, म्हणून तो निराकाराला पकडू शकतो, आणि म्हणूनच परक्याच्या ताब्यातही जाऊ शकतो. या भागातल्या आजारी फुजो किरिएने मिकियाला कुठे पाहिलं? इस्पितळाच्या खिडकीतून. तो तिथे कशासाठी यायचा? बेशुद्ध शिकीला भेटायला. भाग ४ नुकताच पाहिलेला असेल तर हे वाक्य काळजात रुततं, पहिल्या फेरीत ते कानावरून जातं.

पण तोटाही इथेच दिसतो. चुकीच्या जागी सुरू झाल्यामुळे भाग १ ला जो थंड, तरंगता परकेपणा येतो, तो या क्रमात उरत नाही. मिकिया नसलेल्या घरात शिकी आइस्क्रीमचा डबा बघत बसते, तेव्हा पहिल्या फेरीत ती एक विचित्र मुलगी असते आणि या फेरीत नुसती वाट पाहणारी मुलगी. पहिली फेरी या क्रमाने करू नये ती याचसाठी. प्रत्येक भाग त्यातल्या मुख्य माणसाला जे ठाऊक नाही नेमकं तेवढंच प्रेक्षकापासून लपवतो, आणि कालक्रमाने पाहणारा ते आधीच जाणून बसतो.

मोजणी: इमारतीवर तरंगणाऱ्या मुली मोजा आणि तोपर्यंत बातम्यांत आलेल्या आत्महत्येच्या उड्यांशी ताळा करा. जुळणार नाही. न जुळणं हाच धागा आहे, चूक तुमची नाही.

भाग ५, मुजुन रासेन. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९८. सगळा वेळ याला द्यावा. दिग्दर्शक हिराओ ताकायुकी यांनी कथा कापून, मागेपुढे करून लावली आहे. तेच दार, तीच किल्ली, तोच जिना पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी एखादी गोष्ट बदललेली असते. पहिल्या फेरीत हमखास होणारी चूक म्हणजे परतून आलेलं दृश्य आठवण समजून सोडून देणं. ती आठवण नसते, तोच काळ दुसऱ्या माणसाच्या बाजूने दिसत असतो.

दोन समांतर रेघा काढा. वरची एंजो तोमोएची: तो पळतो, शिकीकडे महिनाभर राहतो, परत जातो. खालची मिकिया आणि तोकोची. मिकिया त्या महिन्यात गाडी शिकायला बाहेरगावी असतो, म्हणून शिकी एकटी असते, म्हणून तोमोएला जागा मिळते. हा साधा कारणदुवा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि मग ‘मिकिया कुठे गेला’ असा प्रश्न पडून राहतो. थांबायचंच असेल तर वरची रेघ सोडून कथा पहिल्यांदा खालच्या रेघेवर उतरते तिथे थांबा.

तोमोए जिथून पळतो आणि परत जातो त्या इमारतीसाठी वेगळा कागद घ्या. गोल काढा, मधून उभा चिरा: पूर्वेचा अर्धा आणि पश्चिमेचा अर्धा. केंद्रात लिफ्ट, तिच्याभोवती गोल जिना. लिफ्ट वर जाताना कळणार नाही इतक्या सावकाश अर्धा फेरा फिरते. माणूस बाहेर पडतो तो उलट्या बाजूला, आणि समोरचं दार आपलंच समजतो. एका बाजूला रोज मरून रोज सकाळी उठणाऱ्या बाहुल्यांची घरं, दुसऱ्या बाजूला ज्यांच्यावरून त्या बनवल्या ते मेलेले. गोलाचे हे दोन अर्धे म्हणजे यिन-यांगचं चिन्ह, आणि ‘र्योगी’ या आडनावाचा अर्थही त्याच दोन ध्रुवांचा. खलनायक आराया सोरेनने इमारत शिकीच्याच मापाने बेतली आहे हे कागदावर एका मिनिटात दिसतं, पडद्यावर दोन तासांत निसटून जातं.

तोमोए स्वतःला मारेकरी समजतो, प्रत्यक्षात तो आधीच मेलेला आहे. रोज रात्रीचं स्वप्न ही खरी घटना आणि ज्याला तो घटना समजतो ते चक्रातून सुटणं. हे दोन्ही तक्त्यात एकाच ओळीत लिहिता येत नाही, खाडाखोड होते, होऊ द्या.

आरायाच्या नावाकडे आपल्या वाचकाने खास लक्ष द्यावं. हा पूर्वाश्रमीचा भिक्षू, आणि त्याच्या नावात बौद्ध विज्ञानवादातलं आलयविज्ञान ऐकू येतं, सगळ्या कर्मबीजांचं कोठार. त्याच्या मंत्रवलयांपैकी एकाचं नाव ‘कोंगो’, म्हणजे वज्र. आणि किरिए, फुजिनो, पुढे भाग ७ मधला शिराझुमी या तिघांनाही यानेच ढकललं होतं हे उघड होताच ३ आणि १ मधल्या सुट्या प्रकरणांना तक्त्यावर एक बाण जोडता येतो.

चष्म्याचा रकाना इथे वसूल होतो. तोको मरते, पुढे तोको परत येते, आणि आरायाचा साथीदार आल्बा याने तिला तोंडावर ज्या रंगाच्या नावाने हिणवलं त्याचा हिशेब चुकता करते. परतलेली तोको कोणती, खरी का बाहुली, हा प्रश्न तिलाही निकालात काढता येत नाही.

भाग ६, बोक्याकु रोकुऑन. जानेवारी १९९९. सगळ्यात हलका, आणि मूळ कादंबरीपासून बराच वळवलेला. मिकियाची बहीण आझाका आगीची विद्या शिकते, पण शाळेतल्या परी तिला दिसत नाहीत, म्हणून शिकीला डोळे म्हणून शाळेत धाडलं जातं. रेइएन ही फुजिनोचीही शाळा, तेवढा बाण ३ कडे काढला की काम झालं.

भाग ७, उत्तरार्ध. फेब्रुवारी १९९९. पूर्वार्ध, म्हणजे भाग २, डिसेंबर २००७ मध्ये आणि हा ऑगस्ट २००९ मध्ये, म्हणजे जपानी प्रेक्षकाने भाग २ मधल्या खुनांच्या मारेकऱ्याचं नाव कळायला दीड वर्षाहून जास्त वाट पाहिली. हिंसा आणि अमली पदार्थ दोन्ही भरपूर. बघण्याआधी भाग २ मधली मिकियाची शाळेतली दृश्यं दहा मिनिटं पुन्हा लावा: शिराझुमी लिओ तिथे आहे, आणि पहिल्या खेपेला त्याच्याकडे कुणी बघत नाही.

समारोप, ३३ मिनिटं, मार्च १९९९, बर्फ आणि दोघांचं बोलणं, बाकी काही नाही. झोप आलेली असताना लावू नये. ज्या शिकीने भाग २ च्या सुरुवातीला बर्फात मिकियाकडे पाहिलं होतं, ती त्याच शरीरातली तिसरीच होती. तक्त्याची पहिली आणि शेवटची ओळ एकाच माणसाची निघते.

याच मालिकेतला २०१३ चा चित्रपट मिराई फुकुइन शिल्लक आहे. ३ आणि १ च्या मध्ये ऑगस्ट १९९८ ची ओळ कोरी ठेवलेली होती, बॉम्बवाल्याचं प्रकरण तिथे बसतं. त्याचा दुसरा धागा दहाएक वर्षं पुढे जातो, तेव्हा कागदाला उजवीकडून दुसरा कागद चिकटवून घ्या.