पाचशे वॅट गेले कुठे?

गोव्यात, बार्देशातल्या एका लग्नाचा साउंड माझ्याकडे होता. उघडं लॉन, एका बाजूला शेत, वर मंडपसुद्धा नाही. दोन बँड आळीपाळीने वाजवणार होते, म्हणून दुपारपासूनच दोघांचं साउंड चेक सुरू झालं. पहिल्या बँडचा बेसिस्ट, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, विशी-बाविशीतला, सुरेख हाताचा पोरगा. त्याचं हेड, म्हणजे स्पीकरपासून सुटा असलेला अँप, एका हातात मावणारं, हलक्या क्लास डी जातीचं, वर ठळक ५०० वॅट लिहिलेलं. खाली बारा इंची एकच स्पीकर असलेला बॉक्स.

ड्रमरने किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, मारायला घेतली आणि बेस नाहीसा झाला. पोराने मास्टर वाढवला, मग बेसचा नॉब थेट शेवटापर्यंत फिरवला. आवाज वाढण्याऐवजी फाटायला लागला.

"दादा, ५०० वॅट कमी पडतायत. म्हापशाहून ८०० वॅटचं हेड मागवतो, भाडं मी देतो."

मी त्याला थांबवलं. ५०० वरून ८०० वर गेलं की फरक पडतो जेमतेम २ डेसिबलचा. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. ५०० चे ५०००! आणि मुळात त्याच्याकडे ५०० होतेच कुठे? हेडच्या मागे बारीक अक्षरात होतं, ५०० वॅट ४ ओमला. ओम म्हणजे स्पीकरचा विरोध, तो जास्त तितके हेडमधून वॅट कमी निघतात. त्याचा बॉक्स ८ ओमचा. त्या जोडीतून अडीचशे-तीनशेच निघतात.

मग बॉक्सची जाळी काढली, मोबाईलचा टॉर्च आत मारला आणि म्हटलं, ई तार मोकळी वाजव. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, इतका मागे-पुढे धावत होता की कडेची रबरी पट्टी ताणली जाताना दिसत होती, आणि जोरात वाजवलं की आतून टक् असा कोरडा आवाज येत होता. तो आवाज मला अजिबात सहन होत नाही. कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आपल्या जागेवरून बाहेर पडायला लागल्याची ती खूण असते. मोकळी ई तार म्हणजे ४१ हर्ट्झ. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. बॉक्सवर छापलेले वॅट सांगतात कॉइल किती उष्णता सोसेल ते. कोन किती हलू शकेल हे त्या आकड्यात नसतं, आणि खर्जात ती मर्यादा कितीतरी आधी गाठली जाते. त्यात बेसचा नॉब. १२ डेसिबल चढवले की तिथे सोळापट पॉवर मागितली जाते. ज्या सुराला १० वॅट पुरले असते, त्याला १६०. पोराचे वॅट इथे जात होते.

बेस मध्यावर आणला, लो-मिड, म्हणजे खर्जाच्या लगेच वरचा पट्टा, थोडा वर घेतला, खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर ४० हर्ट्झच्या आसपास लावला. बॉक्स गवतावरून उचलून पोराच्या पाठीमागे उंचावर ठेवला. आपल्या कानाला बेसचा सूर कळतो तो बराचसा वरच्या स्वरांवरून, ८२, १२४, १६५ हर्ट्झवरून. तिथे जागा मिळाली आणि किकच्या शेजारी बेस मोकळा ऐकू यायला लागला.

पोराला मात्र अजून पटलं नव्हतं. "खोलीत तर दणकतो हा, दादा." खोलीत दणकणारच. भिंती आणि कोपरे खर्ज परत देतात. उघड्यावर काहीच परत येत नाही, उलट अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात.

दुसऱ्या बँडचे बेसिस्ट साठीचे, खुर्चीवर बसून सगळं पाहत होते. त्यांचं हेड जुनं, १५० वॅटचं, पण बॉक्समध्ये दहा इंची चार स्पीकर. तोही ८ ओमचाच. मी विचारलं, "बाब, तुमचा बॉक्स पाच मिनिटं देता?" ते स्वतः उठून केबल घेऊन आले, आणि केबल स्पीकरचीच होती. (गिटारची केबल हेड आणि बॉक्सच्या मध्ये लावणारे अजून भेटतात. कृपा करून लावू नका, ती एवढ्या करंटसाठी बनलेलीच नसते.) पोराचं हेड, नॉब होते तिथेच, फक्त बॉक्स बदलला. तीच ओळ त्याने वाजवली आणि वाजवता वाजवता मागे वळून पाहिलं. माझ्या मीटरवर ६ डेसिबलच्या आसपास जास्त होतं. हे वाचन सी वेटिंगवर घ्यायचं, मीटरच्या या सेटिंगमध्ये खर्ज फारसा कापला जात नाही. ए वेटिंग ४० हर्ट्झला तीसहून जास्त डेसिबल कापतं, बेस मोजायला ते निरुपयोगी. ६ डेसिबल म्हणजे चौपट पॉवर. बाबांचे १५० वॅट त्या बॉक्सवर जे काम करतात, त्याला पोराच्या बॉक्सवर ६०० लागले असते.

अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस अँप १९६९ साली आला तो ३०० वॅटचा, आणि त्या काळी मोठ्या स्टेजवर पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरांतून, बेसला फारसा आधार मिळत नव्हता. पण त्या ३०० वॅटखाली दहा इंची आठ-आठ स्पीकरांचे बॉक्स असत. लोकांच्या लक्षात ३०० राहतात, स्पीकर राहत नाहीत.

त्या संध्याकाळी पाहुण्यांपर्यंत बेस न्यायचं काम माझ्या अठरा इंची सबचं, म्हणजे खास खर्जाच्या स्पीकरांचं, होतं. हेडच्या डीआयमधून, म्हणजे थेट मिक्सरला जोडायच्या आउटपुटमधून, लाइन घेतली, पोराच्या अँपने फक्त स्टेज सांभाळलं. असा पीए असेल तर माझ्या मते २०० वॅट भरपूर. पीए नाही आणि ड्रमर दणकट, तर ५०० घ्याच. सलग वाजवण्याला एवढे लागत नाहीत, पण स्लॅपचा, म्हणजे तारेवर अंगठा आपटून वाजवलेला, एक ठोका सरासरीच्या १० डेसिबल वर सहज जातो, तो न फाटता निघायला हवा.

रात्री दहाला सगळं बंद झालं. केबल गुंडाळताना पोरगा आला. "मग घेऊ काय?" म्हटलं, हेड आहे तेच ठेव, असाच आणखी एक ८ ओमचा बॉक्स घे. दोन मिळून ४ ओम होतील, तुझे ५०० खरोखर ५०० होतील, स्पीकर दुप्पट होतील, मिळून ६ डेसिबलच्या जवळ जाशील. फक्त दुकानदाराने ४ ओमचा बॉक्स गळ्यात मारला तर घेऊ नकोस. तो याच्याशी जोडलास तर तीनच्याही खाली उतरशील, आणि तुझ्या हेडवर किमान ४ ओम लिहिलंय.