गेटवरची नोटीस

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी टाइम ऑफिसला, हजेरीच्या कामावर होतो. २०१८ चा पावसाळा. सकाळी सातच्या शिफ्टला पोचलो तर गेट बंद, बाहेर पन्नासेक माणसं आणि एका पोराच्या हातात दगड. रात्री बोर्डावर नोटीस लागली होती, कन्नड आणि इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या जुन्या मोल्डरांना, साचे करणाऱ्यांना, कुणीतरी त्यातली नावं तेवढी वाचून दाखवली होती. कामावरून कमी केलेल्यांची बावीस नावं.

मशीनवर साचे करणारी नवी मोल्डिंग लाइन येणार हे ऑफिसला सहा महिने ठाऊक होतं. मलाही. बोलायचं नाही, असा हुकूम होता. तो मी पाळला, याची टोचणी अजून आहे.

यादीत एक मामा होते. वडगावात त्यांचे दोन माग होते. सूत महागलं, साड्या उठेनात, माग भंगारात गेले आणि मामा चाळिशी ओलांडून मोल्डिंगला आले. ‘‘आधी माग गेला, आता हे. सांगा की, कुठं जायचं आम्ही?’’

पीएफसुद्धा बुडाला, अशी आवई उठली होती. दगड त्यासाठी होता. मशीन नको, असं तर एकानंही म्हटलं नाही.

मी नोटीस मोठ्यानं मराठीत वाचली. पैशाचा आकडाच नव्हता तिच्यात! मग चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून एकेकाचा हिशेब मांडला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं २५-एफ कलम: महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी, पीएफ तर ज्याचा त्याचाच. मामांची नऊ वर्षं भरली होती. दगडवाला पोरगा केव्हा रांगेत येऊन उभा राहिला, कळलंच नाही.

१९९२ साली केंद्रानं राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला, तो आर्थिक सुधारणांत काम जाणाऱ्यांना नवं काम शिकवता यावं म्हणूनही. बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीतच गेला. आमच्याकडे तर शिकवण्याचं नावही नव्हतं. आमची फाउंड्री ऐंशी माणसांची, म्हणून कपातीला सरकारची परवानगी लागली नाही. तेव्हा ती मर्यादा शंभरची होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत तीनशेची झाली. म्हणजे असं गेट आता आणखी कितीतरी कारखान्यांना बघावं लागेल, आणि तिथं हिशेब सांगणारं कुणी असेलच असं नाही.

दुपारी मालक बाहेर आले, आकडे मान्य केले. सगळे पांगले तरी मामा थांबले.

‘‘परत भरती निघाली तर आधी आम्हाला बोलवायचं, असं कायद्यात आहे म्हणालात न्हवं?’’

‘‘आहे, मामा.’’

‘‘मग लिहून द्या की. मराठीत.’’

लिहून दिलं, शिक्का मारला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते पावसात वडगावच्या वाटेला लागले.