तुम्ही विचारलंत म्हणून: टॅपेट टाइट का करून घेत नाही?

पेट्रोल पंपावर, सिग्नलला, मांडवाबाहेर, कुठेही माझी जुनी बुलेट उभी केली की कुणीतरी म्हणतंच, "काका, टॅपेट वाजतायत. टाइट का करून घेत नाही?" (टॅपेट म्हणजे इंजिनातला, कॅमच्या फिरण्याने व्हॉल्व्ह उचलणारा तुकडा.) भाचा त्याच्याही पुढचा. "मामा, हायड्रॉलिक टाकून मोकळे व्हा."

हायड्रॉलिकचं आधी उरकतो. तसला टॅपेट फट आपोआप भरून काढतो, पण त्याला दाबाने तेल लागतं. नंतरच्या बुलेटचं यूसीई इंजिन त्याच हिशेबाने बांधलंय. माझ्या १९८४च्या कास्ट आयर्न इंजिनला नुसते टॅपेट बदलून ते सुख मिळत नाही. मिळत असतं तर मी टाकले असते का? बहुतेक टाकले असते. उगाच तत्त्वनिष्ठेचा आव आणत नाही.

आता टाइट करण्याबद्दल.

मीसुद्धा एकदा केलं होतं. चिपळूणला लग्न होतं, अण्णा मागे बसणार होते आणि गाडी त्यांचीच. आदल्या रात्री टॅपेट कव्हर उघडलं. पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणला, पुशरॉड, म्हणजे टॅपेटवरून व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा, चिमटीत धरून फिरवला. सहज फिरत होता, वर-खाली खेळ नव्हता. म्हणजे सेटिंग बरोबर होतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण आवाज जाईना, म्हणून लॉकनट सोडून ऍडजस्टर थोडा ताणला. मग आणखी थोडा. इंजिन गप्प झालं आणि मी खूश होऊन झोपलो.

जाताना उतार, काही कळलं नाही. परत येताना कुंभार्ली घाटात गाडीची ओढ गेली. सायलेन्सरमधून फटफट सुरू झाली, मग बंदच पडली. किक मारली तर पायाला काही लागेचना, नव्वद मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन आणि सायकलच्या पंपासारखा पाय खाली. गुडघे दुखणारे अण्णा वळणावरच्या दगडावर बसले. मी तासभर प्लग काढत-घालत राहिलो, कारण खरं कारण मला ठाऊक होतं. शेवटी टेम्पो मिळाला. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे गाडी धरून.

मिस्त्रींनी हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड उंदराने कुरतडल्यासारखी. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. रॉड सहज फिरण्याइतकीही मोकळीक, म्हणजे गॅप, ठेवली नसेल तर पूर्ण मिटत नाही, सीटला टेकून थंड होत नाही आणि जळतो. आवाज तर गॅपचा नव्हताच. टॅपेटचं बूड झिजून खड्डे पडले होते. ते ऍडजस्टरने भरून निघत नाहीत. टॅपेट बदलायचे तर कॅमही बघावा लागतो. खराब कॅमवर नवे टॅपेट घातले की तेही खाल्ले जातात.

मिस्त्री म्हणाले, व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ते गाइड आधीच ढिलं होतं, व्हॉल्व्ह कधीतरी जाणारच होता. हे वाक्य मी बरीच वर्षं ढालीसारखं वापरलं. जाणारच होता, पण त्या दिवशी, घाटात, अण्णा मागे असताना? तेव्हाचा मी म्हणतो, इतक्याशा पिळाने काय होतं! त्याला अजून पटवता आलेलं नाही. अण्णांनी विषय काढला नाही, आणि त्यांना विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

टॅपेट, कॅम तेव्हाच बदलले. आता तेही झिजत आलेत, मान्य आहे. गेल्या रविवारी कव्हर उघडलं. एक्झॉस्टचा रॉड बोटाला किंचित जड लागला. केसभर सैल केला. आवाज वाढलाय.