निंदकाचे घर असावे शेजारी : काँकर्डमधला फेरफटका

बॉस्टन कॉमन या जुन्या बागेला लागून, बॉयल्स्टन आणि चार्ल्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एडगर अ‍ॅलन पो या कवी-कथाकाराचा ब्राँझचा पुतळा आहे. २०१४ मध्ये बसवलेला हा पुतळा उंच चौथऱ्यावर न ठेवता थेट पदपथावर उतरवलेला आहे: कोट वाऱ्यावर उडतो आहे, हातातल्या उघड्या बॅगेतून कागद सांडत आहेत, शेजारी भलामोठा डोमकावळा पंख पसरून आहे आणि पोने बागेतल्या ‘फ्रॉग पाँड’ नावाच्या तळ्याकडे साफ पाठ फिरवली आहे. पो याच शहरात १८०९ मध्ये जन्मला, पण इथल्या लेखकांना तो आयुष्यभर ‘बेडूकतळ्यातले’ म्हणून हिणवत राहिला. १८४१ मधल्या एका कथेत त्याने उठसूट सैतानाशी आपल्या मुंडक्याची पैज लावणारा इसम रंगवला. पैज हरून त्याचे मुंडके खरोखरच गेल्यावर निवेदक अंत्यविधीचे बिल ट्रान्सेंडेंटलिस्ट, म्हणजे इथल्या अतींद्रियवादी लेखक-विचारवंत, मंडळींकडे पाठवतो आणि ते पैसे देत नाहीत म्हणून प्रेत उकरून कुत्र्यांच्या खाण्यासाठी विकून टाकतो. कथा वाचताना हसू आवरत नाही, परंतु ही थट्टा रस्त्याच्या पलीकडून दगड भिरकावणाऱ्याची आहे. ज्यांनी या मंडळींच्या घरात राहून, त्यांच्या ताटात जेवून टीका केली, त्यांची घरे पाहावीत म्हणून मी काँकर्डला निघालो होतो.

काँकर्ड बॉस्टनच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरवर आहे. नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग मार्गाची लोकल घेतली की पाऊण तासाच्या आतबाहेर तिथे पोहोचता येते. या गावात या मंडळींचा अध्वर्यू राल्फ वाल्डो इमर्सन १८३५ मध्ये घर घेऊन स्थायिक झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे ‘नेचर’ हे छोटेखानी पुस्तक आले. सत्य कळण्यासाठी धर्मग्रंथाची किंवा चर्चची मध्यस्थी लागत नाही, ते माणसाच्या अंतःप्रज्ञेला थेट उमगते, प्रत्येक जीवात ईश्वराचा अंश आहे आणि निसर्ग ही त्याचीच खूण आहे, हा या अतींद्रियवादाचा गाभा होता. भारतीय वाचकाला यात फारसे धक्कादायक काही वाटणार नाही, पण १८३८ मध्ये इमर्सनने हेच विचार हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यालयात भाषणातून मांडले तेव्हा अँड्र्यूज नॉर्टन या धर्मपंडिताने त्यांना नास्तिकतेचा ताजा अवतार ठरवले आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे हार्वर्डने इमर्सनला भाषणाला बोलावले नाही. धर्ममार्तंडांची ही टीका आज कोणी वाचत नाही, आणि ती वाचावी असा माझाही आग्रह नाही.

ज्या रुळांवरून लोकल जाते ते १८४३ मध्ये टाकले जात होते आणि १८४४ मध्ये गाडी काँकर्डला पोहोचली. नेमक्या त्याच १८४३ साली, काँकर्डमध्येच राहणाऱ्या नॅथॅनिएल हॉथॉर्न या कथाकाराने ‘द सेलेस्टियल रेलरोड’ ही रूपककथा लिहिली. जुन्या काळचे यात्रेकरू पापाचे गाठोडे पाठीवर घेऊन पायी स्वर्गाकडे जात. हॉथॉर्नच्या कथेत त्यांच्यासाठी आगगाडी सुरू झाली आहे आणि गाठोडी सामानाच्या डब्यात ठेवण्याची सोय आहे. वाटेतल्या गुहेत ‘ट्रान्सेंडेंटलिस्ट’ नावाचा जर्मन वंशाचा राक्षस राहतो. तो वाटसरूंना पकडून धूर, धुके, चांदणे, कच्चे बटाटे आणि लाकडाचा भुसा खाऊ घालून पुष्ट करतो. त्याचे रूप त्याला स्वतःलाही सांगता येत नाही आणि गाडीतल्या लोकांना उद्देशून तो काहीतरी ओरडतो, पण ते इतक्या विचित्र भाषेत की धीर धरावा की घाबरावे हेच कोणाला कळत नाही. लोकलच्या खिडकीशी बसून ही कथा पुन्हा वाचताना मला जाणवले की हॉथॉर्नचा खरा रोख राक्षसावर नसून गाडीवर आहे, म्हणजे पापाचे ओझे स्वतः न वाहता मुक्काम गाठता येईल या भाबड्या आशेवर. इमर्सनच्या आशावादावरचा त्याचा मुख्य आक्षेपही हाच होता.

काँकर्ड नदीकाठचे ‘ओल्ड मॅन्स’ हे घर १७७० मध्ये इमर्सनच्या आजोबांसाठी बांधले गेले. ज्या पुलावर १७७५ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी चकमक झडली तो नॉर्थ ब्रिज घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत मी बराच वेळ रेंगाळलो. इमर्सनने ‘नेचर’चा बराचसा मसुदा याच घरात लिहिला आणि काही वर्षांनी, १८४२ मध्ये, नवविवाहित हॉथॉर्न पत्नी सोफियासह तिथे भाड्याने राहायला आला. त्यांच्या स्वागतासाठी इमर्सनचा तरुण मित्र आणि लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने अंगणात भाजीची बाग लावून ठेवली होती. हॉथॉर्नचे लिहिण्याचे मेज दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर ठोकलेली एक साधी फळी आहे आणि तिथे बसणाऱ्याचे तोंड भिंतीकडे होते. ज्या खोलीत निसर्गाचे उपनिषद लिहिले गेले, तिथेच नदीकडे न पाहता भिंतीकडे पाहून लिहिणारा माणूस बसला, यावर मला वेगळे भाष्य करण्याची गरज वाटत नाही. खिडकीच्या काचेवर नवराबायकोने सोफियाच्या अंगठीतल्या हिऱ्याने कोरलेली अक्षरे अजून आहेत. उजेड तिरपा पडला की ती स्पष्ट वाचता येतात: माणसाचे अपघात हे देवाचे हेतू असतात, असे सोफियाने १८४३ मध्ये कोरले आहे. सोफिया स्वतः इमर्सनची चाहती होती, म्हणजे या घरात वादी आणि प्रतिवादी एकाच दिव्याखाली बसत होते.

हॉथॉर्नला हा विरोध केवळ पुस्तकातून सुचलेला नव्हता. १८४१ मध्ये जॉर्ज रिप्ली याने बॉस्टनजवळ वसवलेल्या ‘ब्रुक फार्म’ या सामूहिक शेतीच्या प्रयोगात पैसे गुंतवून त्याने काही महिने स्वतः शेणखत उपसले होते आणि मातीकामाने दमलेल्या माणसाला लिहिणे सुचत नाही हा धडा घेऊन तो बाहेर पडला होता. ‘द ब्लिथडेल रोमान्स’ ही त्याची १८५२ ची कादंबरी त्याच अनुभवातून निघाली. इमर्सनने मात्र रोजनिशीत लिहून ठेवले आहे की हॉथॉर्नचे लेखन काही कामाचे नाही आणि तरी त्याची कीर्ती आहे, हा त्या माणसाचाच गौरव म्हणायचा. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी असा चोख पाळला जात होता!

इमर्सनच्या घरातले अभ्यासिकेचे मूळ सामान आता समोरच्या काँकर्ड म्युझियममध्ये जसेच्या तसे मांडून ठेवले आहे. ‘नेचर’मध्ये रानात उघड्या जमिनीवर उभे असताना आपण ‘पारदर्शक नेत्रगोल’ होतो, असे त्याने लिहिले आहे. ख्रिस्तोफर क्रँच या त्याच्याच गोटातल्या कवीने त्यावर काढलेले व्यंगचित्र प्रसिद्ध आहे: डोक्याच्या जागी मोठा डोळा, त्यावर हॅट, अंगात कोट आणि खाली लांबच लांब पाय. हर्मन मेल्विल या कादंबरीकाराची टीका याहून खोल आहे. १८४९ मध्ये त्याने इमर्सनचे व्याख्यान ऐकले आणि खोल बुडी मारणारी माणसे आपल्याला आवडतात अशी दादही दिली, पण त्याच पत्रात त्याने म्हटले की हा गृहस्थ जग निर्माण होत असताना हजर असता तर त्याने काही मोलाच्या सूचना केल्या असत्या. १८५१ च्या ‘मोबी डिक’मध्ये डोलकाठीवर टेहळणीला चढलेला स्वप्नाळू तरुण विश्वाशी एकरूप होऊ लागतो, पण त्याचा हात किंवा पाय इंचभर जरी निसटला, तर तो थेट समुद्रात कोसळेल, असे मेल्विल बजावतो. निसर्ग सुंदर आहे, पण तो आपला कोणी लागत नाही, असे त्याचे म्हणणे.

तिथून चालत लुइझा मे अल्कॉटच्या ‘ऑर्चर्ड हाउस’ला गेलो. तिचे वडील, याच अतींद्रियवादी गोटातले ब्रॉन्सन अल्कॉट, यांनी १८४३ च्या जूनमध्ये हार्वर्ड नावाच्या गावाजवळ ‘फ्रूटलँड्स’ हा आश्रम काढला. मांसाहार नाही, गुलामांच्या श्रमातून येणारा म्हणून कापूस नाही, मेंढीचा म्हणून लोकर नाही, बैलाला त्रास नको म्हणून जमीनही माणसानेच कुदळ-फावड्याने खणायची, असे नियम होते. आश्रम पुढच्या जानेवारीपर्यंतच टिकला. तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या लुइझाने तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यावर छोटी कथा लिहिली. तीत पीक कापून पडलेले असताना पुरुष मंडळी तत्त्वज्ञान सांगायला गावोगाव गेलेली आहेत, वादळ चढून येत आहे आणि आई मुलांना घेऊन, टोपल्या व चादरी गोळा करून धान्य वाचवते. आश्रमात ओझ्याची जनावरे आहेत का, असे विचारल्यावर आईकडून उत्तर मिळते, ‘एकच बाई!’ अख्ख्या चळवळीवर झालेल्या टीकेत मला हे एक वाक्य सर्वांत वजनदार वाटते. तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मध्ये अर्धवर्तुळाकार फळीचे मेज आहे. ‘लिटल विमेन’ तिने १८६८ मध्ये तिथेच लिहिले आणि वडिलांच्या आदर्शांनी केलेले कर्ज त्या पुस्तकाच्या पैशांतून फिटले. ते मेज मात्र ब्रॉन्सन अल्कॉटनेच मुलीसाठी बनवले होते.

वॉल्डन तळे गावापासून पायी जाण्याजोगे आहे आणि लोकलचे रूळ त्याच्या काठाला घासूनच जातात. इमर्सनच्या मालकीच्या जागेवर थोरो ४ जुलै १८४५ पासून दोन वर्षे, दोन महिने राहिला. दहा फूट बाय पंधरा फुटांची ती केबिन अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंटांत उभी राहिली आणि तिच्या फळ्यांसाठी त्याने रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी विकत घेऊन मोडली होती. त्या कुटुंबाने पहाटे सामान हलवल्याचे वर्णन थोरोने केले आहे. ते पुढे कुठे गेले याची विचारपूस मात्र पुस्तकात नाही, आणि तो आई-वडिलांच्या घरी जेवायला जात असे या नेहमीच्या टोमण्यापेक्षा मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून नेणारे कंत्राटदार पाहून त्याने लिहिले की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे घामाघूम रहिवासी आपल्या विहिरीचे पाणी पितील. रोज सकाळी आपण बुद्धीला भगवद्गीतेत स्नान घालतो असेही तो तिथेच सांगतो. अमेरिकेचा बर्फ त्या काळी जहाजाने खरोखरच मुंबईला येत असे, त्यामुळे हे वाक्य मुंबईकर वाचकाला नुसते अलंकारिक वाटू नये.

मेल्विलच्या आक्षेपाचे उत्तर मात्र मला गीतेतही सापडले नाही आणि तळ्यावरही नाही. केबिनीत राहत असतानाच, १८४६ च्या उन्हाळ्याअखेरीस, थोरो मेन राज्यातल्या कटाडन पर्वतावर गेला. ढगांनी वेढलेल्या त्या कातळांवर त्याला जो निसर्ग भेटला तो वॉल्डनसारखा सोबती नव्हता. तो अफाट, अमानुष आणि माणसाची पर्वा नसलेला होता, इतका की उतरताना त्याला स्वतःचे शरीरही परके वाटू लागले आणि आपण कोण, आपण कुठे आहोत, असे प्रश्न त्याने कागदावर ओरडून विचारले. ते प्रवासवर्णन १८४८ मध्ये, म्हणजे मेल्विलने डोलकाठीवरच्या तरुणाला इशारा देण्याच्या तीन वर्षे आधी, छापून आले होते.