चाच्यांच्या बेटावर एक सुट्टी
आजच्या सुट्टीत ‘ब्लॅक सेल्स’ या २०१४ साली सुरू झालेल्या मालिकेच्या पहिल्या हंगामाचे आठही भाग मी सलग पाहिले, आणि ज्या मित्राच्या आग्रहाखातर ती पाहायला घेतली त्याच्याशी संध्याकाळी फोनवर चांगलाच वाद झाला. माझी तक्रार साधी होती: चाच्यांची मालिका म्हणून समुद्र पाहायला बसावे, तर बराच वेळ किनाऱ्यावरची घासाघीस आणि कारस्थानेच पाहावी लागतात, शिवाय नग्नता आणि हिंसा अनेकदा कथेच्या गरजेपेक्षा अधिक वाटते. (तरीही आठ भाग एका बैठकीत संपवले, हे त्याने लगेच सुनावले.) त्याचे म्हणणे असे की ही घासाघीस हाच मालिकेचा खरा विषय आहे, कारण १७१५ च्या सुमारास बहामा बेटांवरच्या नासाऊ बंदरातील चाचे आपला कप्तान मतदानाने निवडत आणि लुटीचे वाटे आधी ठरवून घेत. हे मला पटले. मालिकेतल्या कप्तान फ्लिंटचे पद मतांच्या गणितावर लटकते, तो प्रसंग कोणत्याही तोफयुद्धापेक्षा रंगतदार आहे. मात्र स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीतले फ्लिंट आणि सिल्व्हर इथे चार्ल्स व्हेन, जॅक रॅकहॅम आणि ॲन बॉनी या इतिहासातल्या माणसांमध्ये वावरतात, तेव्हा रॅकहॅम १७२० मध्ये जमैकात फासावर गेला हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाने त्याच्या प्रत्येक विनोदावर मोकळेपणाने कसे हसावे, हे मला अजून उमगलेले नाही. दुसरा हंगाम उद्यापासून पाहणार आहे. मित्राला अर्थातच कळवलेले नाही.