झाड न आणता सजलेला नाताळ

नोव्हेंबर संपत आला की हांबुर्गमध्ये चौकाचौकांत आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जाळीत घट्ट गुंडाळलेली झाडं विकायला येतात. जर्मनीत नाताळासाठी दरवर्षी दोन कोटींहून जास्त झाडं विकली जातात. त्यातली बहुसंख्य नॉर्डमन फर जातीची. हे झाड मूळचं कॉकेशसमधलं, आजही त्याचं पुष्कळसं बी जॉर्जियातून येतं. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं झाड वाढायला दहाएक वर्षं लागतात आणि घरात ते राहतं फार तर दोन-तीन आठवडे. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की हीच झाडं फुटपाथच्या कडेला येऊन पडतात.

डिसेंबरात घरून फोन आला की हमखास विचारणा होते, "झाड आणलंस का? फोटो पाठव ना." आमच्याकडे झाड येत नाही. घर लहान आहे हे एक कारण आहेच. पण इथे राहायला लागल्यापासून मला झाडाशिवायच्या नाताळाचीच गोडी लागली, आणि ती लावली इथल्याच लोकांनी. झाडाला पर्याय शोधणं हे अलीकडचं, पर्यावरणाच्या काळजीतून आलेलं खूळ आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. पण जर्मनीत जिथे झाड मिळत नव्हतं किंवा परवडत नव्हतं, तिथल्या लोकांनी हाताशी असेल त्यातून आपलं झाड कधीच बनवलं होतं. त्यातल्या काही वस्तू मला तर खऱ्या झाडाहून देखण्या वाटतात.

त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे योलबूम.

हांबुर्गच्या वायव्येला, डेन्मार्कच्या सीमेजवळ उत्तर समुद्रात सिल्ट, फ्योर, आमरुम ही बेटं आहेत. खारा वारा, वाळू आणि गवत. पूर्वी तिथे उंच झाडं जवळपास नव्हतीच. मुख्य भूमीवरून होडीत घालून फरचं झाड आणवणं खलाशाच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग त्यांनी काठ्यांची चौकट करून तिला हिरव्या डहाळ्या बांधल्या आणि ते झाड खिडकीत ठेवलं. सिल्टवर त्याला योलबूम म्हणतात, फ्योरवर केंकनबूम.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी फ्योरच्या आहेत. त्यांच्याकडचा केंकनबूम मी अगदी जवळून, हात लावून पाहिला आहे. खाली लाकडी पाट, मधोमध उभी दांडी, तिला दोन आडव्या काठ्या आणि सगळ्याला वेढून घेणारी वाकवलेली कमान. त्यावर आयव्हीच्या वेली आणि बॉक्सवुडच्या डहाळ्या सुतळीने इतक्या दाट बांधलेल्या की लाकूड कुठेच दिसत नाही. पायथ्याशी आदम आणि इव्ह, मध्ये सापाचं झाड. वर आडव्या काठ्यांवर घोडा, गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडा आणि एक शिडाचं जहाज. या सगळ्या आकृत्या पिठाच्या. कोंबड्याचा तुरा ओल्या पिठाला कात्रीने बारीक बारीक कातरून काढलेला, घोड्याच्या डोळ्यात लवंग खोचलेली, आणि भट्टीत कडा जरा जास्त लागल्यामुळे गाईच्या पाठीवर बदामी छटा आलेली. मधून मधून दोऱ्यात ओवलेले सुके आलुबुखार आणि लहान लाल सफरचंदं. आजी म्हणाल्या, "बेटावर आमच्याकडे जे जे होतं, ते सगळं इथे आहे बघ." आणि खरंच, गोठ्यापासून समुद्रापर्यंत त्या बेटाचा सगळा संसार त्या हातभर उंचीच्या चौकटीत आहे.

आदम-इव्ह नाताळात कसे, हे मी त्यांना विचारलं होतं. २४ डिसेंबर हा ख्रिस्ती दिनदर्शिकेत त्या दोघांचा दिवस. मध्ययुगात त्या सुमाराला स्वर्गातल्या बागेची नाटकं होत आणि त्यात सफरचंदं टांगलेलं झाड रंगमंचावर असे. नाताळच्या झाडाचं एक मूळ तिथे सापडतं असं मानतात. स्ट्रासबुर्गमधल्या १६०५ च्या एका टिपणात घरातल्या झाडांचं वर्णन आहे. त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटांसारख्या चकत्या, चमकता पत्रा आणि साखर टांगलेली होती. म्हणजे दागिने घरचेच, बरेचसे खायचे. काचेचे गोळे पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्या कारागिरांकडून आले.

पिठाच्या आकृत्या घरी सहज जमतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, साधारण एक वाटी पाणी. पाणी बेताबेताने घालायचं आणि पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. आकृती अर्ध्या सेंटिमीटरहून जाड करायची नाही, नाहीतर बाहेरून वाळते आणि आत ओली राहते. टांगायचं भोक आधीच पाडून ठेवायचं. ओव्हन अगदी मंद, सुरुवातीला ६० अंशांच्या आसपास, आणि तास-दीड तासाने १०० पर्यंत. घाई केली की फुगतात आणि तडकतात. मीठ भरपूर असल्यामुळे या आकृत्या खायच्या नसतात, पण वर्षानुवर्षं टिकतात. फक्त ओल लागू द्यायची नाही.

हांबुर्गचीही स्वतःची एक गोष्ट आहे. शहराच्या होर्न भागात योहान हिनरिख विखर्न यांनी १८३३ मध्ये राउहेस हाउस नावाची संस्था काढली. गरीब, निराधार मुलांचं घरच ते. मुलं रोज विचारत, नाताळ कधी? १८३९ मध्ये विखर्न यांनी गाडीचं जुनं लाकडी चाक आडवं टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान लाल. रोज एक जास्त पेटवायची. नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाला इथे आगमनकाळ म्हणतात, आणि त्यात आज जर्मनीत घरोघरी दिसणारी चार मेणबत्त्यांची आगमनमाळ या चाकातून आली. मला ही वस्तू आवडते ती तिच्यामागच्या विचारामुळे. वाट पाहणाऱ्या मुलांच्या हातात विखर्न यांनी मोजता येणारा उजेड दिला. घरी करायची तर वेताची किंवा वेलीची गोल चुंबळ पुरते. त्यावर मिळेल ती हिरवी पानं, आणि चार रविवारांसाठी चार मेणबत्त्या. मेणबत्तीखाली धातूची ताटली हवीच. चौथ्या रविवारपर्यंत पानं कोरडीठाक होतात आणि चटकन पेट घेतात.

आता चांदण्या. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि मला त्याचं सुख आहे.

काडाच्या चांदण्या इथे फार जुन्या. गव्हाचं किंवा राय नावाच्या धान्याचं काड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायचं. मऊ झालं की नखाने किंवा सुरीच्या टोकाने उभं चिरायचं, उघडून पसरायचं आणि इस्त्री फिरवायची. इस्त्री जरा जास्त वेळ धरली की सोनेरी काड तांबूस होतं, म्हणजे एकाच काडापासून दोन रंग मिळतात. मग चार पट्ट्या एकावर एक आडव्यातिडव्या ठेवायच्या, मध्यावर बोट दाबून धरायचं आणि लाल दोरा एका पट्टीवरून, पुढच्या पट्टीखालून असा फिरवत आणायचा. दोरा पुन्हा पहिल्या टोकाशी आला की मागे गाठ. सगळी करामत त्या दाबून धरलेल्या बोटात आहे, ते सुटलं की चांदणी विस्कटते. शेवटी टोकं तिरपी कापायची. खिडकीत दोऱ्याने टांगली आणि मागून थंडीतलं तिरपं ऊन आलं की काड आतून उजळल्यासारखं दिसतं.

दुसरा फ्रोबेल तारा. बालवाडीची कल्पना रुजवणारे फ्रीडरिख फ्रोबेल (१७८२-१८५२) यांचं नाव त्याला आहे. त्यांच्या शिक्षणात कागदाच्या घड्या आणि विणकाम यांना मोठं स्थान होतं. कागदाच्या चार सारख्या पट्ट्या घ्यायच्या, रुंदीच्या तीसपट लांब. म्हणजे दीड सेंटिमीटर रुंद असेल तर ४५ सेंटिमीटर लांब. प्रत्येक पट्टी मध्यावर दुमडून चारही एकमेकींत अडकवल्या की मध्ये चटईसारखी चौकोनी वीण येते. मग टोकं दुमडत आणि आत खोचत गेलं की सोळा टोकांचा उठावदार तारा तयार. डिंक नाही, टाचणी नाही. वर्तमानपत्राच्या, जुन्या नकाशांच्या, वाणसामानाच्या पिशव्यांच्या पट्ट्याही चालतात. मला नकाशाचे तारे सगळ्यात सुंदर वाटतात, कारण निळा समुद्र टोकांवर येतो.

तिसरा हेर्नहूटचा तारा, आणि त्याच्यापाशी मी जरा थांबणार आहे. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात हेर्नहूट नावाचं छोटं गाव आहे, मोरेवियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेलं. २०२४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. या पंथाचे धर्मप्रचारक जगभर जात आणि त्यांची मुलं मागे वसतिशाळेत राहत. जवळच्या नीस्की गावच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूमितीच्या तासातून हा तारा जन्मला. त्याला २५ टोकं असतात: १७ चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी बुडाची. सव्विसाव्या टोकाची जागा मोकळी, तिथून तारा टांगतात आणि दिवा आत सोडतात. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या सुमारास अख्खं घर टेबलाभोवती बसून टोकं जोडतं. कागदाचा, आतून उजळणारा, अंधाऱ्या दिवसांत घरावर टांगलेला तारा पाहून आपल्याला काय आठवतं ते मी सांगायला नको. आपला आकाशकंदील करता येणाऱ्या माणसाला हा तारा परका वाटूच शकत नाही. काड्यांच्या चौकटीऐवजी इथे कागदाची घडीच सांगाडा होते, इतकाच फरक. आणि आईबाप दूर देशी असलेल्या मुलांच्या हातांनी हा तारा रुजला, ही गोष्ट घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला जास्त भिडते.

काहीच बनवायचं नसेल त्यांच्यासाठी बार्बाराच्या फांद्या. ४ डिसेंबरला, संत बार्बाराच्या दिवशी चेरीच्या काही फांद्या कापून पाण्यात ठेवतात आणि नाताळापर्यंत त्या फुलाव्यात अशी अपेक्षा असते. तुरुंगात नेताना बार्बाराच्या वस्त्रात एक फांदी अडकली, तिने ती पाण्यात ठेवली आणि ती फुलली, अशी आख्यायिका आहे. यामागचं विज्ञानही सुरेख आहे. चेरीच्या कळ्या थंडी भोगल्याशिवाय जाग्या होत नाहीत. त्यामुळे बाहेर अजून गारठा पडला नसेल तर फांद्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायच्या, मग काही तास कोमट पाण्यात बुडवायच्या, टोक तिरपं कापून फुलदाणीत लावायच्या आणि दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहायचं. हीटरपासून मात्र दूर, कोरड्या उष्णतेने कळ्या गळतात. बाहेर चार वाजता अंधार पडतो आणि टेबलावर पांढरी फुलं असतात. माझ्यासाठी झाडाला याहून चांगला पर्याय नाही.

पुस्तकं रचून केलेलं झाड, बाटल्यांचं झाड, लाकडी शिडीला दिवे गुंडाळून केलेलं झाड, हे सगळं इथे मासिकांत खूप दिसतं. शिडी मला बरी वाटते, पण तिच्यावर थोडं तरी हिरवं हवं. प्लास्टिकचं झाड ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी ते वर्षानुवर्षं जपून वापरावं. नवं मात्र मी कोणाला घ्यायला सांगणार नाही.

आम्ही भिंतीवर लावतो ते वाळलेल्या काटक्यांचं झाड. सात-आठ काटक्या, खालची सगळ्यात लांब, वरची वीतभर. दोन्ही टोकांना दोरीचे दोन-दोन वेढे देत एकीखाली एक बांधत जायचं आणि वर दोन्ही दोऱ्या एका खिळ्याला अडकवायच्या. भाड्याच्या घरात एक खिळा पुरतो, जमिनीवरची जागा जात नाही. काटक्यांवर संत्र्याच्या सुकवलेल्या चकत्या टांगते. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या, ओव्हन ८०-९० अंशांवर, दार लाकडी चमच्याने किंचित उघडं ठेवून तीन-चार तास. मध्ये एकदा उलटायच्या. दिवसभर घरात संत्र्याचा वास भरून राहतो. कागद, काड आणि वाळलेल्या काटक्या असल्या की खरी मेणबत्ती जवळ आणायची नाही, तिथे बारीक एलईडीची माळच बरी.

काटक्या आणायच्या कुठून, हा प्रश्न इथे नवख्या माणसाला पडतो, कारण जर्मनीत प्रत्येक गोष्टीला नियम असतो. याला तर फार प्रेमळ नियम आहे. निसर्गसंरक्षणाच्या राष्ट्रीय कायद्यातच तरतूद आहे की जिथे जायला बंदी नाही अशा जागेतून स्वतःपुरती, मुठीत मावेल एवढी फुलं, गवत, शेवाळ, फळं आणि डहाळ्या घेता येतात. संरक्षित क्षेत्रात नाही, आणि विकायला नाही. पावसाळी वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बागेत गेलं तर काही तोडावंच लागत नाही.

जानेवारीत चांदण्या आणि पिठाच्या आकृत्या कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात जातात, हिरवी पानं कंपोस्टमध्ये. भिंतीवरचं काटक्यांचं झाड मात्र आम्ही उतरवत नाही. इथे ईस्टरला फांद्यांवर रंगवलेली अंड्याची टरफलं टांगतात, त्यामुळे मार्च-एप्रिलपर्यंत त्याला दुसरं काम मिळालेलं असतं. अंडं दोन्ही बाजूंनी टोचून फुंकून रिकामं कसं करायचं, ते तेव्हा लिहीन.